आमचे लाल रंग खारघरला तपासले: अ‍ॅझो कॉम्प्लेक्स आणि एसआरबी चाचणी

अ‍ॅझो रंगापासून (ज्याच्या रेणूत दोन नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले असतात) लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, करायचा, त्याला तांबं, निकेल, जस्त जोडायचं आणि तयार झालेलं कॉम्प्लेक्स कर्करोगाच्या पेशींवर काही करतं का ते बघायचं, अशा विषयावर आपल्याकडच्या कॉलेजांतून बरंच काम चालतं. संयुग बनवणं आपल्या हातात असतं. पेशींवरची चाचणी मात्र बाहेरून करून घ्यावी लागते, आणि ती कुठून घ्यावी याबद्दल मराठीत कुणी मोकळेपणाने लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हा अभिप्राय.

आम्ही दोन ठिकाणांहून सेवा घेतली. पहिली एका खाजगी प्रयोगशाळेची, तिचं नाव मी देत नाही. तिथे एमटीटी चाचणी झाली. दुसरी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधली, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रातली औषध-चाचणी सुविधा. तिथे एसआरबी चाचणी होते. दोन्ही चाचण्यांत किती पेशी उरल्या ते रंगाच्या गडदपणावरून मोजतात. माझं मत आधीच सांगते. संयुग रंगीत असेल तर एसआरबीच करा, आणि अहवालासोबत कच्चे आकडे देणाऱ्या ठिकाणीच करा. अ‍ॅक्ट्रेकची सेवा या दोन्ही बाबतींत मला पटली.

मी इचलकरंजीच्या बाजूला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या घरातले पुरुष प्रोसेस हाउसमध्ये कापड रंगवायच्या कामाला होते, त्यामुळे रंग कापडाला धरणं म्हणजे काय आणि तो धुऊन निघणं म्हणजे काय, हे मी शाळेत असल्यापासून बघत आले. अ‍ॅझो रंग आमच्या भागात नवे नाहीत. त्यांचं दुखणंही नवं नाही. जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५मध्ये फ्रँकफर्टच्या रंगकारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग दिसतो हे मांडलं, आणि पुढे त्याचं बोट अ‍ॅरोमॅटिक अमाइन्सकडे, म्हणजे बेंझिनसारख्या वलयाला अमिनो गट लागलेल्या संयुगांकडे, गेलं. शरीरात तुटून बेंझिडिनसारखी अमाइन्स सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर १९९०च्या दशकात जर्मनीने आणि मग भारतानेही बंदी घातली. म्हणून माझी विद्यार्थिनी ‘मॅडम, अ‍ॅझोवर कर्करोगासाठी काम करू या’ म्हणाली तेव्हा मी तिला पहिला प्रश्न हाच विचारला, की आपला एन-एन दुहेरी बंध तुटला तर मागे कुठलं अमाइन उरेल?

तिने उत्तर शोधून आणलं ते सल्फानिलामाइड. मला ते फार आवडलं. १९३०च्या दशकात बायरमध्ये गेरहार्ड डोमाक यांनी प्रोंटोसिल हा लाल अ‍ॅझो रंग जंतुसंसर्गावर चालतो हे दाखवलं. थोड्याच काळात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने सिद्ध केलं, की शरीरात त्या रंगाचा अ‍ॅझो बंध तुटतो आणि खरं काम करणारं सल्फानिलामाइड मोकळं होतं. मोठ्या आतड्याच्या दाहावर आजही देतात ते सल्फासॅलाझिनही अ‍ॅझो संयुगच आहे, तेही आतड्यातल्या जिवाणूंकडून तुटूनच कामाला येतं. शिवाय सल्फानिलामाइड एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात अ‍ॅसिटॅनिलाइडपासून करतातच, त्यामुळे कच्चा माल आमच्या कपाटात होता.

संश्लेषणाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. सल्फानिलामाइड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून ०-५ अंशांवर सोडियम नायट्राइट थेंबाथेंबाने घालायचं, स्टार्च-आयोडाइड कागद निळा होईपर्यंत. जास्तीचं नायट्रस आम्ल युरियाने घालवायचं. मग ते द्रावण २-नॅफ्थॉलच्या अल्कधर्मी द्रावणात, तेही थंडच. त्या क्षणी लाल रंग उमटतो आणि दरवर्षी वर्गात एकदा तरी ‘वा’ निघतो. एक गोष्ट नव्या मुलांना पुनःपुन्हा सांगावी लागते: डायझोनियम क्षार (नायट्राइट घातल्यावर बनतो तो) गाळून कोरडा करायचा नाही. कोरडे डायझोनियम क्षार स्फोट होऊन फुटू शकतात. द्रावणातच करायचं, द्रावणातच वापरायचं. आमच्या प्रयोगशाळेतले मामा बर्फ आणून ठेवतात आणि बर्फ संपत आला की कपलिंगला (ती दोन द्रावणं मिसळण्याला) हात लावू देत नाहीत. त्यांचं ते बरोबर आहे.

लिगँड शुद्ध झाला की तांब्याचं अ‍ॅसिटेट अल्कोहोलमध्ये घेऊन रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत खाली उतरवत उकळणं. धातू एक, लिगँड दोन. नॅफ्थॉलचा ऑक्सिजन आणि अ‍ॅझोचा दूरचा नायट्रोजन यांनी धातूला पकडून सहा सदस्यांचं वलय बनतं. लिगँड स्वतः बहुतांशी हायड्राझोन रूपात (हायड्रोजन ऑक्सिजनवरून नायट्रोजनवर सरकलेला) असतो, म्हणून त्याच्या एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या मोजणीत) १६ पीपीएमच्या आसपास हायड्रोजन-बंधात अडकलेल्या एनएच प्रोटॉनची टोकदार खूण दिसते. जस्ताच्या कॉम्प्लेक्समध्ये ती नाहीशी झाली की काम झालं असं समजायचं. तांब्याला एनएमआरचा उपयोग नाही, तो पॅरामॅग्नेटिक, म्हणजे त्यात सुटा इलेक्ट्रॉन असतो. तिथे ईएसआर (सुट्या इलेक्ट्रॉनची मोजणी) आणि चुंबकीय मोमेंट. दृश्य वर्णपटात डी-डी पट्टा (धातूच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनांमुळे येणारा) शोधत बसू नये, अ‍ॅझो रंगाचा स्वतःचा पट्टा इतका तीव्र असतो की त्याखाली तो झाकून जातो. प्रबंधांमध्ये तरीही तो पट्टा ‘दिसलेला’ असतो, याचं मला वाईट वाटतं.

आता मुख्य विषय.

खाजगी प्रयोगशाळेकडे आम्ही आधी गेलो, कारण तिथे फोन लगेच उचलतात, नमुना कुरियरने घेतात आणि अहवाल झटपट येतो. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर एमटीटी चाचणी मागितली होती. अहवाल आला तो सुंदर रंगीत स्तंभालेखांचा. आमचा लिगँड सर्वांत जास्त मात्रेला पेशींची जिवंतता शंभर टक्क्यांच्या वर दाखवत होता. म्हणजे औषध जास्त घातलं तर पेशी अधिक जोमाने वाढतात! तांब्याच्या कॉम्प्लेक्सचा आलेख खाली उतरत होता आणि शेवटच्या मात्रेला पुन्हा वर चढत होता.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण अ‍ॅझोवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते भेटणार. एमटीटी हा पिवळा टेट्राझोलियम क्षार. टिम मॉसमन यांनी १९८३मध्ये ही चाचणी मांडली. जिवंत पेशी त्याचं रिडक्शन करून (त्याला इलेक्ट्रॉन देऊन) जांभळे फॉरमाझानचे स्फटिक बनवतात. मग माध्यम काढून टाकायचं, डीएमएसओ हा द्रावक घालून स्फटिक विरघळवायचे आणि ५७० नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजायचं. जितका जांभळा रंग, तितक्या जिवंत पेशी. यात आपलं संयुग बसवून बघा. ते पाण्यात नीट विरघळत नाही, पेशींवर आणि प्लेटच्या तळाला चिकटून बसतं. डीएमएसओ घातला की फॉरमाझानसोबत तेही विरघळतं. त्याचा पट्टा ५७०पर्यंत शेपूट सोडतो, कॉम्प्लेक्सचा तर आणखी रुंद असतो. यंत्राला जांभळं कुठलं आणि आपलं लाल कुठलं हे कळत नाही, ते सगळं शोषण ‘जिवंत पेशी’ म्हणून मोजतं. त्यात आणखी एक भर: एमटीटीचं रिडक्शन फक्त पेशीच करतात असं नाही. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल किंवा थायॉल असलं तर पेशींवाचूनही जांभळा रंग येतो. ज्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये रेडॉक्स करणारा (इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा) धातू आहे त्यांनी ही शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यावर उपाय सोपा आहे. प्लेटच्या काही विहिरींमध्ये (छोट्या खळग्यांमध्ये) पेशी घालायच्या नाहीत, फक्त माध्यम, संयुग आणि एमटीटी घालायचं, आणि तिथलं शोषण वजा करायचं. मी त्या प्रयोगशाळेला विचारलं, पेशीविरहित कंट्रोल लावला होता का? उत्तर आलं, आमच्या नेहमीच्या पद्धतीत तो नसतो. मग प्लेट-रीडरचे मूळ आकडे मागितले. ते देत नाही, फक्त टक्केवारी देतो, असं सांगितलं. संयुग रंगीत आहे हे नमुन्याच्या फॉर्मवर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पैसे कॉलेजच्या छोट्या संशोधन निधीतून गेले आणि तो आलेख आम्ही कुठेही वापरला नाही. अशा सेवेला मी शिफारस देणार नाही. पांढऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या संयुगासाठी कदाचित चालेल. रंगासाठी नाही.

त्यानंतर अ‍ॅक्ट्रेक. कोल्हापूरकडून पुण्यामार्गे मुंबईची गाडी धरली की एक्स्प्रेसवे संपल्यावर कळंबोलीला उतरायचं, तिथून खारघर जवळच आहे. लोकलने येणाऱ्यांना हार्बर मार्गावरचं खारघर स्टेशन. नमुने पाठवूनही काम होतं, पण विद्यार्थिनीने ती जागा बघावी असं मला वाटत होतं म्हणून आम्ही हातानेच नेले. काळ्या काचेच्या छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर सांकेतिक क्रमांक, रेणुभार, द्रावक आणि ‘गडद लाल, प्रकाशापासून जपावं’ अशी चिठ्ठी. हिशेब प्रत्येक नमुना आणि प्रत्येक सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेला एका जातीच्या पेशींचा वंश) असा धरून चला. त्यामुळे चार नमुने आणि दोन सेल लाइन म्हटलं की खर्च कसा वाढतो ते आधीच मांडून बघा.

तिथल्या चाचणीत आम्हाला हवं होतं ते आहे. एसआरबी म्हणजे सल्फोऱ्होडामिन बी, स्वतः एक भडक गुलाबी रंग, पण अ‍ॅझो नव्हे, झँथीन कुळातला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ही पद्धत विकसित झाली आणि १९९०मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये पेशी लावतात, त्या चिकटल्या की औषध घालतात, ४८ तासांनी थंड ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल घालून पेशी जागच्या जागी पक्क्या करतात. मग प्लेट पाण्याने पुनःपुन्हा धुतात. त्यानंतर १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लातला ०.४ टक्के एसआरबी घालतात. आम्लधर्मी स्थितीत तो पेशींतल्या प्रथिनांच्या बेसिक अमिनो आम्लांना धरतो. न धरलेला रंग अ‍ॅसेटिक आम्लाने धुऊन काढतात, प्लेट वाळवतात, आणि १० मिलिमोलर ट्रिस बेसमध्ये रंग सोडवून ५४० नॅनोमीटरला मोजतात. ६९० हा संदर्भ.

मला यातलं धुणं महत्त्वाचं वाटतं. प्रोसेस हाउसमध्ये रंगवलेलं कापड साबणाच्या गरम पाण्यातून काढतात, म्हणजे धाग्याला न धरलेला रंग निघून जातो आणि उरलेला खरा असतो. इथेही तेच होतं: आमचं संयुग पेशींवर त्याचं काम करून चुकलेलं असतं, मग ते धुतलं जातं, आणि मोजणीच्या वेळी विहिरीत बहुतांश एसआरबीच असतो. बहुतांश म्हणते, पूर्ण नाही. दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं. संयुगाचा गाळ विहिरीच्या तळाशी बसला असेल तर तो धुण्याने जाईलच असं नाही. आणि आपला अ‍ॅझो रंग प्रथिनांनाच घट्ट धरणारा असेल, विशेषतः सल्फोनिक आम्लगट असलेला, तर तो एसआरबीसारखाच तिथे बसून राहील. आमच्या लिगँडमध्ये सल्फोनामाइड आहे, सल्फोनेट नाही, त्यामुळे ती अडचण कमी होती. तरीही आम्ही एसआरबी न घालता, फक्त औषध दिलेल्या आणि धुतलेल्या विहिरींचं शोषण मागितलं. त्यांनी विनंती समजून घेतली. समोरच्या माणसाला प्रश्न कळतो, त्याला पेशी आणि रसायन दोन्ही ठाऊक आहेत, हा या ठिकाणचा मला सर्वांत मोठा गुण वाटला.

अहवालाची रचनाही उपयोगी. १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशा चार मात्रा, तीन वेगवेगळ्या प्रयोगांचे आकडे तीन रकान्यांत आणि मग सरासरी. सोबत अ‍ॅड्रियामायसिन हे माहीत असलेलं कर्करोगाचं औषध तुलनेसाठी. खाली तीन संख्या: जीआय-५०, टीजीआय आणि एलसी-५०. या तीन संख्या वेगळ्या का आहेत ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावं. औषध घालण्याच्या क्षणी एक प्लेट तशीच आम्लाने पक्की करून ठेवतात, ती शून्य वेळेची प्लेट. त्यामुळे ४८ तासांत पेशी वाढल्या की नुसत्या थांबल्या की मुळात होत्या त्यापेक्षा कमी झाल्या, हे सांगता येतं. वाढ निम्मी झाली तो जीआय-५०. वाढ पूर्ण थांबली तो टीजीआय. सुरुवातीला होत्या त्यातल्याही निम्म्या गेल्या तो एलसी-५०. नेहमीच्या एमटीटीमधल्या एका आयसी-५० आकड्यात (मोजणी निम्म्यावर आणणारी मात्रा) हा भेद राहत नाही. वाढ रोखणारं संयुग आणि पेशी मारणारं संयुग यांत केवढा फरक आहे!

आमचा निकाल. लिगँड आणि निकेलचं कॉम्प्लेक्स ८०लाही निष्क्रिय. जस्ताचं जवळपास तसंच. तांब्याच्या कॉम्प्लेक्सने मधल्या मात्रांना वाढ निम्म्याखाली आणली, पण १०च्या खाली जीआय-५० आला नाही. शुद्ध संयुगासाठी १० मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली जीआय-५० असेल तरच सक्रिय म्हणायचं, असा या चाचणीचा निकष. म्हणजे आमचं संयुग सक्रिय नाही. विद्यार्थिनी हिरमुसली. मी तिला म्हटलं, आधीच्या अहवालावर विश्वास ठेवून ‘प्रभावी’ असं लिहिलं असतं तर पुढच्या माणसाने त्यावर आपली दोन वर्षं घातली असती. हा निकाल स्वच्छ आहे, तो लिहू.

आता अहवाल वाचण्याबद्दल, कारण इथेच आपल्याकडचे शोधनिबंध घसरतात. पहिली गोष्ट म्हणजे एकक. अहवाल मायक्रोग्रॅममध्ये असतो, तुलना मात्र रेणूंची करायची असते. आमच्या लिगँडचा रेणुभार ३२७, तांब्याच्या कॉम्प्लेक्सचा ७१६. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे लिगँडसाठी सुमारे ३१ मायक्रोमोलर आणि कॉम्प्लेक्ससाठी जेमतेम १४. सिसप्लॅटिन या प्लॅटिनमच्या कर्करोग-औषधासाठी तोच आकडा ३३ होतो. वजनात सारखी दिसणारी दोन संयुगं रेणूंच्या हिशेबात दुपटीने वेगळी निघू शकतात. रूपांतर करूनच तक्ता छापा.

दुसरी गोष्ट अ‍ॅड्रियामायसिनची. ते इतकं तीव्र औषध आहे की १०, या सर्वांत कमी मात्रेलाच त्याचा परिणाम होऊन गेलेला असतो, त्यामुळे अहवालात त्याच्यासमोर ‘<१०’ येतं. एखाद्या नव्या संयुगासमोरही ‘<१०’ आलं की निबंधात लगेच लिहिलं जातं, की आमचं संयुग अ‍ॅड्रियामायसिनच्या तोडीचं आहे. तसा अर्थ निघतच नाही. दोन्ही १०च्या खाली आहेत एवढंच कळतं; एक ९ असू शकतं आणि दुसरं ०.१. असा निकाल आला तर कमी मात्रांची पुढची फेरी मागून घ्यावी. ती केल्याशिवाय तुलनेचं वाक्य लिहू नये.

तिसरी गोष्ट, पाठवायच्या नमुन्यांची. लिगँड आणि कॉम्प्लेक्स एवढेच पाठवणारे खूप आहेत. धातूचा साधा क्षारही पाठवायलाच हवा, कारण तांब्याचा आयन स्वतःच पेशींना विषारी आहे. कॉम्प्लेक्स माध्यमात फुटून तांबं मोकळं होत असेल, तर श्रेय कॉम्प्लेक्सला देण्यात अर्थ नाही. आम्ही तांब्याचं अ‍ॅसिटेटही पाठवलं. त्याचा परिणाम कॉम्प्लेक्सपेक्षा कमी होता, म्हणून लिगँड तांब्याला पेशीत शिरायला काहीतरी मदत करत असावा असं म्हणायला थोडी जागा मिळाली. निरोगी पेशींची एखादी सेल लाइनही घ्यावी, नाहीतर ‘कर्करोगाच्या पेशी मरतात’ या वाक्याचा अर्थ फक्त ‘पेशी मरतात’ एवढाच उरतो.

आणि डीएमएसओ. पाण्यात न विरघळणारं सगळं डीएमएसओमध्ये विरघळवतात, ती सर्वत्र रीत आहे. पण डीएमएसओ हा नुसता द्रावक नाही, तो स्वतः धातूला जोडला जाणारा लिगँड आहे. सिसप्लॅटिन डीएमएसओमध्ये ठेवलं तर त्यातलं क्लोराइड हटून डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटतो आणि औषध निकामी होतं. तरीही तुलनेसाठी सिसप्लॅटिन डीएमएसओतच विरघळवलेले निबंध निघतात, आणि मग नवं संयुग ‘सिसप्लॅटिनपेक्षा सरस’ ठरतं. सिसप्लॅटिन तुलनेला हवं असेल तर ते मिठाच्या पाण्यात करून मागा. स्वतःचं कॉम्प्लेक्स डीएमएसओमध्ये आणि मग सीरम घातलेल्या माध्यमात ४८ तास टिकतं का, हे नमुना पाठवण्याआधी कॉलेजच्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर बघून घ्या. रंगीत संयुगाचा इथे फायदा होतो. पट्टा जागेवर राहिला, तीव्रता कमी झाली नाही, मोकळ्या लिगँडचा पट्टा वर आला नाही, तर पाठवा. या तपासणीला खर्च जवळपास काही नाही.

‘अ‍ॅझो’ म्हटलं की काही परीक्षक सरळ नाकारतात. २०१०मध्ये ऑस्ट्रेलियातून चाचण्यांना फसवणाऱ्या संयुगांची एक यादी प्रसिद्ध झाली, तीत अ‍ॅझो गटही आहे. ती शंका योग्य आहे आणि वर लिहिलेले कंट्रोल म्हणजे तिचं उत्तर. पण म्हणून हा रस्ताच बंद आहे असं मला मुळीच वाटत नाही. अ‍ॅझोपिरिडिन लिगँडची (ज्यात या गटाला पिरिडिन हे नायट्रोजन असलेलं वलय जोडलेलं असतं) रुथेनियम कॉम्प्लेक्स १९८०च्या सुमारास अभ्यासली गेली, त्यात आपल्याकडच्या अनिमेष चक्रवर्ती यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. पुढे नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने दाखवलं, की फेनिलअ‍ॅझोपिरिडिनच्या रुथेनियम डायक्लोराइड कॉम्प्लेक्सचं अल्फा रूप कर्करोगाच्या पेशींवर अतिशय तीव्र आहे, आणि त्याच सूत्राचं बीटा रूप त्या मानाने बरंच कमजोर. अणू तेच, फक्त त्यांची मांडणी वेगळी! इंग्लंडमधल्या वॉरविकच्या पीटर सॅडलर यांच्या गटाने ऑस्मियमचं अ‍ॅझोपिरिडिन कॉम्प्लेक्स एफवाय-२६ बनवलं. ८०९ सेल लाइन्सच्या संचावर ते सरासरीने सिसप्लॅटिनच्या ४९ पट प्रभावी ठरलं, हे २०१५मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे अ‍ॅझो लिगँड नुसता रंग म्हणून नाही, तो पेशीतल्या रेडॉक्स समतोलात भाग घेतो. आमच्यासारख्यांनी नॅफ्थॉलच्या पुढे पिरिडिनकडे का वळावं, याचं कारण या कामात आहे. आम्ही वळतो आहोत.

अ‍ॅक्ट्रेकच्या सेवेबद्दल आणखी एवढंच, की घाई असलेल्यांनी तिथे जाऊ नये. पेशी वाढवणं, तीन स्वतंत्र प्रयोग, शून्य वेळेची प्लेट, हे सगळं करायला वेळ लागतोच, आणि तो लागलेला वेळ अहवालात दिसतो. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचा आहे म्हणून आज नमुना देतो असं होणार नाही. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातच नमुने तयार ठेवा. आधी शुद्धता नक्की करा. सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण) आणि मास (रेणुभाराची मोजणी) जुळल्याशिवाय नमुना देऊ नका. अशुद्ध लिगँडमध्ये उरलेलं २-नॅफ्थॉलही पेशींवर परिणाम करेल आणि तो परिणाम कुणाचा, हे कुठलीच चाचणी सांगणार नाही.

एसआरबी प्राथमिक चाळणी आहे, तीच तिची मर्यादा. पेशी अ‍ॅपॉप्टोसिसने, म्हणजे आपल्या ठरलेल्या क्रमाने, गेल्या की नेक्रोसिसने, म्हणजे इजा होऊन, कॉम्प्लेक्स डीएनएला लागतं की एखाद्या प्रथिनाला, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी मोजणारी पद्धत) आणि बाकीच्या चाचण्या वेगळ्या मागाव्या लागतात, त्या बऱ्याच महाग पडतात, आणि जीआय-५० १०च्या खाली आल्याशिवाय त्यांवर निधी घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या तांब्याच्या कॉम्प्लेक्ससाठी आम्ही त्या मागितल्या नाहीत. उरलेले पैसे पिरिडिन-अ‍ॅझो लिगँडच्या पहिल्या फेरीसाठी राखून ठेवले आहेत, आणि त्या फेरीत १०च्या खालच्या मात्राही मागणार आहोत.